विज्ञानवेड्या हस्तकलेसाठी माहितीपत्रक: फासे, तारे, मणी आणि लोकर

आमच्याकडून रेझिन, साचे, भरतकामाचे धागे, मणी, लोकर आणि कानातल्यांचे हुक नेणाऱ्या अनेक जणी आपल्या आवडीच्या विषयातूनच वस्तू घडवतात. कुणी डीएनएचे कानातले करतं, कुणी बोर्ड गेमसाठी फासे ओततं, कुणी बाळाच्या जन्मवेळेचं आकाश कापडावर भरतं. हे माहितीपत्रक त्यांच्यासाठी, आणि असं काम सुरू करू पाहणाऱ्या नव्या ग्राहकांसाठी आहे.

या कामाची एक अट साध्या हस्तकलेला नसते. फुलाच्या भरतकामात पाकळी कमी-जास्त झाली तर चालून जातं. पण मृग नक्षत्र घेणाऱ्याला मृग नक्षत्र ओळखता येतं, फासे घेणारी रोज फासे टाकते. विषयातली चूक त्यांना सफाईतल्या चुकीच्या आधी दिसते. त्यामुळे माल कापण्याआधी, रेझिन ओतण्याआधी विषय तपासून घ्या. पुढे प्रत्येक वस्तूसाठी तोच क्रम ठेवला आहे: आधी काय बरोबर असायला हवं, मग ते करायचं कसं.

रेझिनचे फासे

सात फाशांच्या संचात ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा प्रत्येकी एक आणि १० बाजूंचे दोन फासे असतात. ६ बाजूंच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ७ येते, २० बाजूंच्या फाशावर २१. साचा विकत घेताना हे मोजून पाहा. ६ आणि ९ खाली टिंब किंवा रेघ आहे ना, तेही बघा. ती नसेल तर फासा टाकल्यावर वाद होतात आणि संच परत येतो.

२० मिलिमीटरच्या २० बाजूंच्या फाशाला साधारण ५ मिलिलीटर रेझिन लागतं. पूर्ण संचाला २५ ते ३० ग्रॅम धरा, त्यात कपाला चिकटून वाया जाणारं अजून ५ ग्रॅम मिळवा. एवढ्या लहान मापात डोळ्याच्या अंदाजाने काम होत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवाच. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर मिसळावा लागतो. बाटलीवर या दोघांचं प्रमाण २:१ लिहिलेलं असेल तर ते वजनाचं प्रमाण आहे की आकारमानाचं, हे आधी वाचा. रेझिन आणि हार्डनर यांची घनता वेगळी असल्याने दोन्ही प्रमाणं एक नसतात. फासा आठवड्यानंतरही चिकट राहिला असेल तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. जास्त हार्डनर घातल्याने रेझिन लवकर वाळत नाही, जास्तीचा हार्डनर आत तसाच राहतो आणि वस्तू मऊ पडते.

ढवळणं सावकाश, किमान ३ मिनिटं. कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा १ मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेला थर राहतो, तो साच्यात गेला की फाशाच्या एका बाजूला चिकट डाग उमटतो. साचा काठोकाठपेक्षा किंचित जास्त भरा. झाकण बसवताना थोडं रेझिन बाहेर आलं पाहिजे, नाहीतर वरच्या बाजूला पोकळी राहते.

बुडबुडे घालवण्यासाठी हवेच्या दाबाचं भांडं वापरतात, साधारण ३० ते ४० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाबावर, रेझिन घट्ट होईपर्यंत. भांड्यावर लिहिलेल्या कमाल दाबाच्या खालीच राहा आणि सुरक्षा व्हॉल्व्ह नसलेलं भांडं घेऊ नका. स्वयंपाकाचा प्रेशर कुकर या कामाला कधीही वापरू नये, त्याची झडप आणि रबर कॉम्प्रेसरच्या हवेसाठी बनवलेली नसतात. साचा स्वतः करणार असाल तर सिलिकॉनही त्याच दाबाखाली घट्ट होऊ द्या. सिलिकॉनमध्ये बुडबुडे राहिले तर पुढे दाबाखाली ते आक्रसतात आणि प्रत्येक फाशावर पुटकुळ्या येतात. प्लॅटिनम सिलिकॉन हाताळताना लेटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यांच्या स्पर्शाने सिलिकॉन वाळतच नाही. नायट्राइलचे चालतात.

घासण्याचं काम पाण्यात बुडवलेल्या वॉटर पेपरने करा: आधी ८०० क्रमांकाचा, मग १२००, २०००, मग पॉलिश. प्रत्येक बाजूला सारखेच हात मारा. एकच बाजू जास्त घासली तर फाशाचा आकार बदलतो आणि ठरावीक आकडे जास्त पडू लागतात. आकड्यांत रंग भरणं सगळ्यात शेवटी.

विकण्याआधी प्रत्येक फासा मिठाच्या पाण्यात सोडा. १०० मिलिलीटर पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं की रेझिनचा भरीव फासा तरंगू लागतो. बोटाने फिरवून सोडा, असं दहा-बारा वेळा करा. दर वेळी एकच आकडा वर येत असेल तर त्या बाजूला आत बुडबुडा आहे. असा फासा संचात घालू नका, किल्लीच्या गोफात लावून विका.

नागपूरचं हवामान आणि रेझिन

बाटलीवरच्या सूचना साधारण २५ अंश तापमान धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घरातच ३८-४० अंश होतात. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिनची क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, म्हणजे ४० मिनिटं मिळायची तिथे १५-२० मिनिटंच मिळतात. कपात जास्त मिश्रण साठून राहिलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं, प्लास्टिकचा कप वितळवतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे ५ ते ८ च्या दरम्यान काम करा, एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि उरलेलं मिश्रण कपात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओतून ठेवा.

कूलरसमोर रेझिन ओतू नका, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला काउंटरवर सांगतो. कूलर खोलीत थंडावा आणतो तो पाण्याच्या वाफेसह. ही ओल रेझिनच्या पृष्ठभागावर हार्डनरशी मिळते आणि वर दुधाळ, तेलकट साय धरते. शिवाय ताटीतल्या गवताची कुसं उडून साच्यात पडतात ती वेगळीच. जुलै-ऑगस्टमध्येही असाच त्रास होतो. साय आलीच तर कोमट पाणी आणि साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा, हलकं घासा आणि मगच दुसरा थर द्या. न धुता दिलेला थर सालपटासारखा सुटतो.

पूर्ण कडकपणा यायला ७२ तास लागतात. त्याआधी पार्सल करू नका. अनेक साधी रेझिन ५० अंशांच्या आसपास पुन्हा मऊ होतात, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत एवढं तापमान सहज होतं. पातळ बुकमार्क आणि कोस्टर त्यामुळे वाटेत वाकतात. ते दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधून पाठवा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण मनापासून. रेझिनची ॲलर्जी हळूहळू येते आणि एकदा आली की आयुष्यभर राहते. नायट्राइलचे हातमोजे, सेंद्रिय वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क आणि उघड्या खिडक्या हव्यातच. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. स्वयंपाकाची भांडी, चमचे, ओटा या कामाला वापरू नका.

आकाशाचं भरतकाम

मागणी सर्वाधिक वाढते आहे ती याची. आकाशाच्या नकाशात उत्तर वर धरली तर पूर्व डावीकडे येते, कारण आपण खालून वर पाहत असतो. भूगोलाच्या सवयीने पूर्व उजवीकडे काढली, किंवा नकाशा कापडाच्या उलट बाजूने गिरवला, की अख्खं आकाश आरशातलं होतं. तपासायला मृग घ्या. हिवाळ्यातल्या रात्री दक्षिणेकडे तोंड करून पाहिलं की तांबूस काक्षी वर डावीकडे, निळसर पांढरा राजन्य खाली उजवीकडे, आणि मधल्या तीन ताऱ्यांची रेघ डावीकडे खाली वाढवली की व्याध. कापडावर उत्तर वर ठेवून हेच दिसलं पाहिजे.

‘त्या दिवसाचं आकाश’ अशी ऑर्डर घेताना तारीख, वेळ आणि ठिकाण तिन्ही लिहून घ्या. नागपूरसाठी २१°०९′ उत्तर आणि ७९°०५′ पूर्व, वेळ +५:३०. एका तासाची चूक झाली तर आकाश १५ अंशांनी फिरतं. जन्म दिवसा झालेला असेल तर ग्राहकाला विचारा की त्या क्षणाचं, सूर्यासह असलेलं आकाश हवं की त्या रात्रीचं. ग्रह दाखवणार असाल तर ते त्या तारखेचेच हवेत, कारण तारे दर वर्षी त्याच तारखेला जवळपास तिथेच असतात, ग्रह नसतात.

अजून एक सोपी परीक्षा आहे. नागपुरातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे २१ अंश वर दिसतो. वर्तुळाची कड हे क्षितिज आणि मध्य म्हणजे डोक्यावरचा बिंदू धरून समान अंतराने अंश मोजले, तर २० सेंटिमीटरच्या रिंगमध्ये ध्रुवतारा उत्तरेच्या कडेपासून सुमारे २.३ सेंटिमीटर आत यायला हवा. तो मध्याजवळ आला असेल तर नकाशा खूप उत्तरेकडच्या देशाचा आहे.

गडद निळं सुती केसमेंट किंवा पॉपलीन घ्या, आधी धुऊन आटवून. ठसा पांढऱ्या कार्बनने, सुलट बाजूने. अँकरची लडी ६ पदरी आणि ८ मीटरची असते, ती सोडवून वापरायची. सर्वांत तेजस्वी तारे ४ पदर आणि २ वेढ्यांच्या गाठीच्या टाक्याने, दुसऱ्या प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा मोठा तितका तारा मंद) ३ पदरांनी, तिसऱ्या प्रतीचे २ पदरांनी, चौथ्या प्रतीचे १ पदराने. त्यापेक्षा मंद तारे गाळा, नाहीतर नक्षत्रांचे आकार हरवतात. काक्षी, रोहिणी आणि ज्येष्ठा यांना फिकट नारिंगी धागा द्या. ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत मागून लांब धागा ओढू नका, कापड चुरगळतं. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर धागा संपवून नवा घ्या. मोठी ऑर्डर घेण्याआधी रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात एक खेळ नक्की पाहून या. घुमटावरचं आकाश पाहिलं की दिशा डोक्यात पक्क्या बसतात.

डीएनएचे कानातले

सजीवांच्या पेशीत आढळणारा नेहमीचा डीएनए उजव्या वळणाचा असतो, साध्या स्क्रूसारखा. कानातलं उभं धरा: समोरची मण्यांची ओळ खालून डावीकडून वर उजवीकडे चढली पाहिजे. वस्तू उलटी धरली तरी वळण बदलत नाही, त्यामुळे हुक कुठल्या टोकाला लावला याने फरक पडत नाही. जोडी शोभावी म्हणून एक डावं आणि एक उजवं वळण करू नका, दोन्ही उजवीच हवीत. एका पूर्ण वेढ्यात साधारण १० जोड्या घ्या. डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार घटकांसाठी चार रंग वापरत असाल तर ए समोर टी आणि जी समोर सी, ही जोडी कुठेही चुकवू नका.

हुकांबद्दल: जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने अनेकींच्या कानाला खाज सुटते. ३१६एल स्टील किंवा ९२.५ चांदीचा हुक थोडा महाग पडतो, पण त्वचेला कमी त्रास देतो. जुन्या सर्किट बोर्डांचे दागिने करणाऱ्यांनी भंगारातले बोर्ड वापरू नयेत. त्यांच्या डाखात शिसं असू शकतं आणि कापताना काचतंतूंची धूळ उडते. नवे कोरे, शिसेविरहित बोर्ड घ्या, पाण्याखाली कापा आणि कडा रेझिनने बंद करा.

गणिती क्रोशा

डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हायपरबोलिक प्रतल (घोड्याच्या खोगिरासारखा सगळीकडे वळलेला पृष्ठभाग) क्रोशाने विणून दाखवलं, कारण कागदाचे नमुने फाटत होते. कृती सोपी आहे: २० साखळ्या, त्यावर मुके खांब, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत दर ५ खांबांमागे १ जास्तीचा. नियम सगळीकडे सारखा पाळला तरच ते गणित ठरतं, मधेच वाढ बदलली की नुसती झालर होते.

अडचण लोकरीची येते. १० ओळींनंतर एका ओळीत सुमारे १२४ खांब होतात, १५ ओळींनंतर ३०८, २० ओळींनंतर ७६७. किंमत ओळींवर ठरवली तर शेवटच्या पाच ओळी पूर्ण तोट्यात जातात. वजनावर ठरवा आणि एकाच रंगक्रमांकाची सगळी लोकर सुरुवातीलाच घ्या.

किंमत, हक्क, कागदपत्रं

किमतीत माल, बिघडलेले नग, वेष्टन आणि तुमचे तास, चारही धरा. नकाशा तपासण्यात गेलेला वेळही तासांत मोजा, कारण ग्राहक त्याचेच पैसे देतो. कुरिअर अनेकदा डब्याच्या आकारावर पैसे घेतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागा. २४×२४×६ चा डबा २०० ग्रॅमचा असला तरी हिशेब सुमारे ७०० ग्रॅमचा लागतो.

सिनेमा, गेम आणि कॉमिक्समधली पात्रं, नावं, चिन्हं परवानगीशिवाय विकू नका. अंतराळ संस्थांची बोधचिन्हंही नाहीत. मूलद्रव्यांची चिन्हं, नक्षत्रं, समीकरणं यांवर कुणाचा हक्क नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. परराज्यात माल पाठवण्याआधी जीएसटीबद्दल सीएंना विचारून घ्या, हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळे नियम आहेत.

आमच्याकडे

नकाशा, फाशांचा साचा किंवा मण्यांचा नमुना काउंटरवर दाखवला तर आम्ही वरच्या कसोट्यांवर तो विनामूल्य तपासून देतो. रेझिन ५० ग्रॅमच्या चाचणी-जोडीतही मिळतं, नवी कंपनी घेताना आधी तेच न्या. सील उघडलेलं रेझिन परत घेतलं जात नाही. न वापरलेले हुक, धागे आणि साचे पावतीसह १५ दिवसांत बदलून मिळतील. एप्रिल ते जून या काळात रेझिनच्या बाटल्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, नेताना थर्माकोलचा डबा सोबत आणा.