दिवसातून दोनदा बुडणारी वाट

सिंहगड, राजगड, तोरणा अशा वाटा तुडवणाऱ्या पुणेकराचे वेळापत्रक सूर्यावर बेतलेले असते. ऊन तापण्याआधी चढ संपवायचा आणि अंधार पडण्याआधी पायथा गाठायचा, एवढे पाळले की बहुतेक काम भागते. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वरला पोहोचल्यावर मात्र हा हिशेब कोलमडतो. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजे पेशव्यांचे, हे कुलदैवत असल्यामुळे पुण्याचा येथला राबता जुना आहे. पण देवळामागच्या टेकडीला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग पुण्याच्या घड्याळाला जुमानत नाही. कड्याच्या भेगेतील अरुंद पायऱ्यांनी खाली उतरल्यावर ही वाट समुद्राकाठच्या उघड्या कातळावरून जाते आणि तो कातळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पहाटे चारला पुणे सोडून नऊच्या सुमारास तेथे पोहोचलो होतो. न्याहारी वाढणाऱ्या काकूंनी आमच्या पायांतले बूट पाहिले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "आज एकादशी. सव्वाआठला भरती पूर्ण झाली. दोन वाजल्याशिवाय खाली उतरू नका." त्यांनी मोबाइल उघडला नव्हता की कोणाला विचारले नव्हते. अकराची पाऊणपट सव्वाआठ, इतकाच तो हिशेब होता.

तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा ठोकताळा कोकणात मच्छीमारांपासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांना पाठ असतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुपारी जी वेळ, साधारण तीच रात्री. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो आणि त्याला पुन्हा गाठण्यासाठी पृथ्वीला सरासरी ५० मिनिटे जादा फिरावे लागते. म्हणून भरती-ओहोटीचा दिवस २४ तासांचा नसून सुमारे २४ तास ५० मिनिटांचा असतो. तिथी ही सौरदिवसापेक्षा सरासरीने किंचित लहान असल्यामुळे दर तिथीमागे ही सरक ४८ मिनिटांची होते. म्हणजे अचूक गुणक पाऊण नसून चार-पंचमांश आहे. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा येते, चार-पंचमांशाने बरोबर बारा वाजतात. तरीही होडीत उभे राहून चार-पंचमांशाचा गुणाकार कोण करणार? शिवाय ही रोजची सरक उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत कमी आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत जास्त असते, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरलेलीच बरी. हा ठोकताळा कोकणापुरताच आहे, हेही लक्षात ठेवावे. खंभातच्या आखातातील भावनगरला तो लावला तर उत्तर काही तासांनी हुकेल, कारण किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांमुळे प्रत्येक ठिकाणी भरती चंद्रामागे वेगवेगळ्या अंतराने येते.

त्या एकादशीला अडीच वाजता खाली उतरूनही आम्हाला अर्धाच कातळ पाहायला मिळाला, आणि याचेही उत्तर तिथीतच होते. समुद्राला ओढण्यात सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते: भरती खूप चढते, ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात असतात. तेव्हाची भरती दुबळी आणि ओहोटीही दुबळी, म्हणजे भांग. समुद्राचा प्रतिसाद एक-दोन दिवस मागे राहत असल्यामुळे दशमी-एकादशीलाही भांगाचाच अंमल असतो.

यातून एक गंमत निघते. उधाण ठरावीक तिथींनाच येते आणि तिथीवरून वेळही ठरते, म्हणून एखाद्या गावी उधाणाची ओहोटी नेहमी घड्याळाच्या त्याच सुमारास येते. कोकणात ती सकाळी आणि संध्याकाळी येते. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर द्वितीया-तृतीयेला सकाळी सात-आठच्या दरम्यान कातळ जास्तीत जास्त उघडा पडतो, आणि ऊनही कोवळे असते. शनिवार-रविवार पाहून बेत आखणाऱ्यांनी शेजारचा तिथीचा रकानाही पाहावा तो यासाठी.

पाणी चढण्याचा वेगही एकसारखा नसतो. पूर्ण ओहोटी ते पूर्ण भरती या सहा तासांचे साधे गणित असे, की एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक भाग पाणी चढते. तीन मीटरचा चढ धरला तर पहिल्या तासात केवळ २५ सेंटीमीटर आणि तिसऱ्या तासात तब्बल ७५ सेंटीमीटर. ओहोटीनंतर तासभर समुद्र जागचा हलला नाही असे वाटते आणि त्या भरवशावर माणूस रेंगाळतो.

रेंगाळावे असे तेथे पुष्कळ आहे. हा काळा कातळ म्हणजे वेताळ टेकडीचाच बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपैकी. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच पाडतात, वरचा भाग आधार सुटून कोसळतो, कडा मागे हटतो आणि पायाशी सपाट कातळ उरतो. भूगोलाच्या पुस्तकातला तरंगघर्षित मंच तो हाच. कड्याच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. पुण्याच्या खडकातही भोके असतात, पण ती लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांची. ही जाळी मिठाने कोरलेली आहे: खारे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल टिकते आणि तो आणखी खोल होतो. कातळावरचे गोल खळगे पाहून निघोजच्या रांजणखळग्यांची आठवण होते. तेथे कुकडीचे पाणी गोटे फिरवते, येथे लाटा.

एका खळग्याजवळ गुडघे टेकून बसले की वरून ओसाड दिसणारा कातळ भरून जातो. पाण्याखाली समुद्रफुलाचे हिरवट दांडे पसरलेले असतात आणि सावली पडताच ते आत मिटतात. उताणा पडलेला शंख हळूच चालू लागतो, कारण आत खेकड्याने बिऱ्हाड केलेले असते. वरच्या कोरड्या पट्ट्यात इवल्या गोगलगायी, त्याखाली कातळाला चिकटलेली पांढरी बार्नेकल आणि कालवे, आणखी खाली शेवाळ: कोणाला किती तास उघड्यावर राहणे सोसते, यावर हे पट्टे ठरतात. चालणाऱ्यालाही ते उपयोगी पडतात. ओला काळा किंवा हिरवा कातळ हमखास घसरवतो, खरखरीत पांढऱ्या पट्ट्यावर बूट धरतो; पण तेथे आपण जिवंत प्राण्यांवर पाय देत असतो, म्हणून कोरडा खडक मिळेल तेथे तोच निवडावा. नक्षीदार शंकूसारखा शंख उचलण्याचा मोह मात्र आवरावा. कोनशंखाचा विषारी दंश गंभीर ठरू शकतो.

बागमांडला येथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरले की बाणकोट, वेळास आणि रत्नागिरीचा किनारा सुरू होतो. दक्षिणेकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. मुंबईला मोठ्या उधाणात तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, तर मालवणला दोन मीटरच्या आसपास राहतो. म्हणून दक्षिणेत निर्धास्त राहावे असे नाही. गुहागर तालुक्यातील हेदवीच्या बामणघळीत अरुंद चिरेतून घुसलेली लाट भरतीच्या वेळी कोंडली जाऊन उंच उसळते, आणि ती पाहायला लोक नेमके काठावर उभे राहतात. वारा पडलेला असतानाही दक्षिण हिंदी महासागरातील वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येथे पोहोचतात आणि त्यांत अधूनमधून एखादी इतरांहून बरीच मोठी असते. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा लाटांचा इशारा निघण्यापूर्वी पाहावा. पावसाळ्याचे चार महिने तर या वाटांचे नावच काढू नये.

कातळ उघडा असतानाही एक गोष्ट नजरेतून निसटते. हा मंच समुद्राकडे एकसारखा उतरत नाही. कड्याच्या पायथ्याशी आणि भेगांच्या रेषेत तो पुष्कळदा खोलगट असतो. त्यामुळे चढते पाणी समोरून येण्याआधी बाजूच्या भेगेतून आत शिरते आणि आपण उंच कातळावर कोरडे उभे असताना आपल्यामागे, परतीच्या पायऱ्यांच्या बाजूला, ओहोळ वाहू लागतो. त्या दुपारी आमचे सगळे लक्ष लाटांकडे होते. मागच्या भेगेत, मघाशी कोरड्या असलेल्या वाळूवर पाण्याची जीभ सरकताना आमच्यातल्या एकाला दिसली, तेव्हा आम्ही कॅमेरे आवरून पायऱ्यांकडे वळलो. भेग ओलांडताना पाणी घोट्यापर्यंत आले होते.