जिन्यात दोनच स्प्रिंकलर का?

नव्या उंच इमारतीतील रहिवाशांच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते. पार्किंगमध्ये, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये छताला स्प्रिंकलर आहेत, परंतु आग लागल्यावर ज्या जिन्याने खाली पळायचे, त्या जिन्यात मजल्यामागून मजले एकही दिसत नाही. अर्थात बिल्डरने पैसे वाचवले. हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्याच्या गडबडीत जिन्यातील खरी त्रुटी नजरेआड होते.

अमेरिकेतील ‘एनएफपीए 13’ हे स्प्रिंकलरविषयीचे मानक जगभर प्रमाण मानले जाते. जिना आणि त्याभोवतीच्या भिंती न जळणाऱ्या साहित्याच्या असतील, तर या मानकानुसार सर्वसाधारणपणे दोनच ठिकाणी स्प्रिंकलर लागतात: जिन्याच्या अगदी माथ्यावर आणि तळाकडील पहिल्या लँडिंगच्या खाली. माथ्यावर अशासाठी की उष्णता तेथे साठते. तळाशी अशासाठी की जिन्याखालची मोकळी जागा माणसे मोकळी ठेवत नाहीत. जुन्या सायकली, रद्दी, रंगाचे डबे तेथेच जमा होतात आणि आपल्याकडील अनेक जुन्या इमारतींत तर विजेचे मीटरही तेथेच असतात. मधल्या मजल्यांवर काँक्रीटच्या पायऱ्यांखेरीज काही नसावे, हे या नियमाचे गृहीतक आहे. लाकडी जिन्याला ही सवलत मिळत नाही.

तरीही प्रत्येक लँडिंगवर स्प्रिंकलर बसवले तर बिघडले काय? याचे उत्तर स्प्रिंकलरच्या काचेच्या नळीत आहे. तिच्यात द्रव आणि हवेचा एक छोटा बुडबुडा असतो. तापमान वाढले की द्रव प्रसरण पावतो, बुडबुडा दाबला जाऊन नाहीसा होतो आणि त्यानंतर द्रवाच्या दाबाने काच फुटून पाणी सुटते. लाल रंगाच्या नळीसाठी हे तापमान 68 अंश सेल्सिअस असते. प्रत्येक नळी स्वतंत्रपणे फुटते. चित्रपटात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. महत्त्वाचे हे की या नळीला उष्णता कळते, धूर कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा धूर जिन्यातून बाराव्या मजल्यापर्यंत पोहोचेतो वाटेतील हवेत मिसळून आणि भिंतींना उष्णता देऊन बराच निवलेला असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड मात्र निवल्यामुळे कमी घातक होत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो.

आणि एवढा निवलेला धूरही वर चढतोच. 30 अंशांवरील एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे 1.16 किलो असते, तर 60 अंशांवर ते 1.06 किलो भरते. शंभर ग्रॅमच्या या फरकामुळे जिन्याच्या दर मीटर उंचीमागे साधारण 1 पास्कल दाबाचा फरक पडतो. वीस मजल्यांचा, 60 मीटर उंचीचा जिना अशा धुराने भरला असे धरले, तर एकूण फरक 60 पास्कल होईल. त्यातील साधारण निम्मा तळाशी धूर आत ओढतो आणि निम्मा माथ्याकडे तो बाहेर, म्हणजे वरच्या मजल्यांवर, ढकलतो. थोडक्यात, 68 अंशांची नळी शाबूत राहते आणि जिना मात्र धुराडे बनलेला असतो. समजा एखादी नळी फुटलीच, तर पाण्याने थंड झालेला धूर आपली उचल गमावतो, फवाऱ्याबरोबर खाली ओढला जातो आणि उतरणाऱ्या माणसांच्या तोंडासमोर येतो. वर पायऱ्या निसरड्या होतात, ते वेगळेच.

9 जानेवारी 2022 रोजी न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स भागात एका 19 मजली इमारतीत जिना असाच धुराडे बनला. खोली उबदार ठेवण्याच्या विजेच्या हीटरमुळे आग लागली; ज्वाळा त्या घराच्या आणि लगतच्या पॅसेजच्या पलीकडे फारशा गेल्या नाहीत. परंतु घराचा जो दरवाजा आपोआप बंद व्हायला हवा होता, तो उघडाच राहिला; वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचा दरवाजाही उघडा होता. 17 माणसे गेली, ती धुराने.

म्हणून जळाऊ वस्तू जेथे असतात त्या घरात आणि पॅसेजमध्ये पाणी, आणि जिन्याला भिंत, दरवाजा व हवेचा दाब, अशी ही विभागणी आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (2016) पंख्याने हवा भरलेल्या जिन्यात आजूबाजूपेक्षा 50 पास्कल अधिक दाब राखण्यास सांगितले आहे. वर काढलेल्या तळाच्या 30 पास्कल ओढीपेक्षा तो जास्त आहे, म्हणून धूर आत शिरत नाही; आणि दोन चौरस मीटरच्या दरवाजावर त्याचा एकूण जोर सुमारे 10 किलो वजनाइतका, म्हणजे वृद्ध माणसालाही दरवाजा उघडता येईल इतपतच, येतो. दरवाजाला दगड वा कुंडी लावून तो उघडा ठेवला की हा दाब तत्काळ कोसळतो. वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने जिन्याची दिशा बदलण्यावर लाखो रुपये खर्च होतात. दाबाच्या या गणितात दिशेला स्थानच नाही, आणि तो पैसा डोअर क्लोजरवर, म्हणजे दरवाजा आपोआप मिटवणाऱ्या यंत्रावर, खर्च होत नाही याची मला मनापासून चीड येते.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचे तपासणी प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचे असते. त्या तपासणीच्या वेळी रहिवाशांनी जिन्याच्या प्रत्येक दरवाजाचा खटका, बिजागरी आणि क्लोजर स्वतः पाहावे. दरवाजा सोडल्यावर तो पूर्ण मिटून खटका बसला पाहिजे. तळाच्या लँडिंगखालील स्प्रिंकलरही पाहावा. जिना रंगवताना त्यावर रंग चढला असेल, तर तो खरवडून चालत नाही. रंगाच्या थरामुळे नळीपर्यंत उष्णता उशिरा पोहोचते, आणि खरवडताना काचेला तडा जाऊ शकतो. असा स्प्रिंकलर बदलूनच घ्यावा लागतो.