‘पह्यले त्याले करू दे’ : बदल अडतो कुठे, याचं गणित

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, भाचा जेवायला आला तो तोंड पाडूनच. पुढे खापरावरची पुरणपोळी, आमरसाची वाटी, आणि कपाळावर आठ्या. तो जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये मॅनेजर आहे. तिथे तूर-हरभऱ्याचे कट्टे, म्हणजे पोती, आत येताना आणि डाळ बाहेर जाताना वर्षानुवर्षं एकच पद्धत. मुकादम कानावरचा पेन काढतो, कट्टा समोरून गेला की चिठ्ठीवर रेघ ओढतो, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. संध्याकाळी दिवाणजी त्या रेघा मोजून चोपडीत चढवतात.

भाच्यानं बारकोडचे स्कॅनर आणले. प्रत्येक कट्ट्याला स्टिकर, नेताना स्कॅनर दाखवायचा, टूं वाजलं की नोंद. एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं, वर कचोरी-जिलेबी. दीड महिना झाला तरी तेवीस हमालांपैकी स्कॅनर वापरणारा एकच.

“मामा, आपल्या लोकांची मानसिकताच नाही. यांना बदल नकोच असतो.”

मी हयातभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे ‘मानसिकता’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. जे मोजायचा कंटाळा केला त्याला आपण हे नाव देतो. याच जिल्ह्यात माझ्या वडिलांच्या पिढीनं केळीचे कंद लावले, पाटानं पाणी दिलं आणि ‘बसराई’शिवाय दुसऱ्या वाणाचं नाव काढू दिलं नाही. आज रावेर-यावलकडे चक्कर मारा. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, ग्रँड नैन वाणाची रोपं, ठिबकच्या नळ्या, त्याच नळ्यांतून खत. पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की त्यानंतरची कांदेबाग, पाटानं पाणी देणारा आता शोधावा लागतो. ही माणसं काही बाहेरून आणलेली नाहीत, भाच्याच्या हमालांचेच काका-मामा आहेत. त्यांना विचारा ठिबक का केलं. कोणी अनुदान सांगेल, कोणी विहिरीचं पाणी खाली गेल्याचं सांगेल, पण चहाचा दुसरा कप आला की खरं निघतं : “शेजारच्याची बाग पाह्यली ना.”

अमेरिकेतल्या आयोवात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी संकरित मक्याबद्दल शेतकऱ्यांना हेच विचारलं होतं. त्यांचा अभ्यास १९४३ साली छापून आला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळे १९४१ पर्यंत नव्या बियाण्यावर आले होते. पण पहिल्या पाच वर्षांत जेमतेम दहा टक्के, आणि पुढच्या तीनच वर्षांत आकडा चाळीसवर. बियाण्याची बातमी जवळजवळ निम्म्यांना विक्रेत्याकडून कळली होती. पटवणाऱ्यांत मात्र शेजारी सगळ्यात पुढे.

भाच्याला विचारलं, बाकीचे बावीस जण नेमकं काय म्हणतात?

“काय म्हणणार? अमळनेरकडचा एक आहे, तो रोज एकच सांगतो : पह्यले त्याले करू दे, मंग मी करसू.”

मी ताटावरून उठायचाच बाकी होतो. या एका अहिराणी वाक्यात १९७८ सालचा एक गाजलेला शोधनिबंध अख्खा बसतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं म्हटलं, प्रत्येक माणसाला एक उंबरठा असतो. आपल्याआधी किती जणांनी केलेलं दिसलं म्हणजे तो माणूस पाऊल उचलेल, तो आकडा म्हणजे उंबरठा. कोणाचा शून्य, तो कोणाची वाट बघत नाही. कोणाचा एक, कोणाचा दहा. पंगतीत बसलेले आठवा. ‘वदनी कवळ’ झालं तरी सगळे इकडेतिकडे बघतात, एकानं घास मोडला की दुसरा, मग चौघे, मग पानं वाजायला लागतात.

ग्रॅनोव्हेटरनं उदाहरण दंगलीचं घेतलं, आपण हमालांचं घेऊ. समजा शंभर माणसं आहेत, आणि त्यांचे उंबरठे शून्य, एक, दोन, तीन असे ओळीनं नव्व्याण्णवपर्यंत. शून्यवाला स्कॅनर उचलतो. त्याला पाहून एकवाला. दोघांना पाहून दोनवाला. दिवस मावळायच्या आत शंभरच्या शंभर स्कॅनरवर. मॅनेजरचा सत्कार, पेपरात फोटो, ‘कर्मचाऱ्यांनी बदल मनापासून स्वीकारला’.

आता शेजारची मिल घ्या. तिथेही शंभर माणसं, तेच उंबरठे. फक्त ज्याचा उंबरठा एक होता, त्याचा दोन आहे. एवढाच फरक. शून्यवाला स्कॅनर उचलतो आणि वाट बघतो. एकवाला कोणीच नाही. दोनवाले दोघे आहेत, पण त्यांना दोघं दिसायला हवेत आणि दिसतोय एक. बदल पहिल्याच माणसावर अडकला. सरासरी काढून पाहा : पहिल्या मिलचा उंबरठा ४९.५०, दुसरीचा ४९.५१. कुठल्याही सर्व्हेत दोन्ही मिलची ‘मानसिकता’ एकच दिसणार. एकीकडे शंभर, दुसरीकडे एक.

हे गणित वर्गात शिकवताना दरवर्षी मला तोच आनंद व्हायचा. मुलं जांभया देत असायची ते सोडा.

पुढचा भाग थोडा जड आहे, पण मला राहवत नाही. खरे उंबरठे असे ओळीत उभे नसतात. बहुतेकांचे मधल्या आकड्याच्या आसपास, टोकांना थोडेथोडे, म्हणजे घंटेच्या आकाराची वक्ररेषा. शंभर माणसांचा सरासरी उंबरठा २५ धरा, आणि प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतली तफावत, तेवढी वाढवत न्या. विचलन १० असेल तर बदल एखाद्या माणसावर थांबतो. १२ असेल तर चौघांच्या आसपास. १२.२ ला सहा. आणि त्याच्या किंचित पुढे गेलात की आकडा एकदम शंभराच्या जवळ उडी मारतो. कारण असं : ‘इतक्या जणांना पाहून किती जण तयार होतील’ याची वक्ररेषा आणि ४५ अंशांची सरळ रेषा एकमेकींना तीन ठिकाणी छेदतात. बदल सगळ्यात खालच्या छेदबिंदूवर अडकून बसतो. विचलन वाढलं की खालचे दोन बिंदू जवळ सरकतात, एकमेकांत मिसळतात आणि नाहीसे होतात. अडवायला काही उरतच नाही. परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढं धरा, की सगळे एकसारखे समंजस असलेल्या गटापेक्षा चार उतावळे आणि चार हट्टी असलेल्या गटात बदल लवकर पेट घेऊ शकतो.

दरम्यान मालकांनी आपले उपाय केले होते. वास्तुवाल्याला बोलावून मुकादमाचं टेबल ईशान्येकडून नैर्ऋत्येला नेलं. त्यामुळे त्याच्या पाठीला ऊन लागायला लागलं, बाकी काही झालं नाही. मग एक वक्ते आले, त्यांनी ‘एकवीस दिवसांत सवय बदला’ असं दोन तास सांगितलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी खरोखर मोजल्या, तेव्हा अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. एकवीसचा आकडा फक्त फ्लेक्सवर बरा दिसतो.

दोन आठवड्यांनी मीच मिलमध्ये गेलो. धूळ इतकी की चष्मा दोनदा पुसावा लागला. भाच्याला बाजूला ठेवलं आणि एकेकाला चहाच्या टपरीवर नेऊन विचारलं, किती जणांनी स्कॅनर घेतल्यावर तू घेशील? शून्यवाला एक, तो आधीच वापरत होता. चौघे म्हणाले, तीन. पाच जण म्हणाले, पाच. सहा जण म्हणाले, दहाएक. उरलेले सात, ‘सगळ्यांनी घेतल्यावर’. एक आणि दोन हे आकडे कोणाच्याच तोंडून आले नाहीत. खड्डा कुठे आहे हे तिथेच, टपरीच्या बाकड्यावर दिसलं.

पण तीनच का? त्यातला एक म्हणाला, “तिघांचा शनिवारचा हिशोब बिनकटकट झाला की कळंल ना.” हमाली कट्ट्यावर मिळते. स्टिकर कधी खालच्या बाजूला येतो. पाठीवर ओझं घेऊन तो शोधायचा, आणि टूं वाजलं नाही तर कट्ट्याचे पैसे गेले. मुकादमाची रेघ डोळ्यांसमोर ओढली जाते, चुकली तर तिथेच भांडता येतं. मशीनशी कोण भांडणार? शिवाय जो एकटा स्कॅनर वापरत होता, त्याची पाळी मागच्या गोदामात. तो कोणाला दिसतच नव्हता. उंबरठा ‘दिसलेल्या’ माणसांवर चालतो.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड नावाचा पायजम्यांचा कारखाना होता, तिथेही मजुरी नगावर. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली तिथला प्रयोग मांडला. कामाची पद्धत थोडी बदलायची होती. एका गटाला बदल नुसता समजावून सांगितला. त्यांचं उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही आणि चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. दोन गटांत सगळ्यांना बसवून नवी पद्धत आणि नवा दर त्यांच्याबरोबर ठरवला. ते झपाट्यानं सावरले आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. भाच्याची जिलेबी पहिल्या गटातली. अर्थात याच फ्रेंच यांनी पुढे नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यात असाच प्रयोग केला, तेव्हा उत्पादनात फरक दिसला नाही. सहभागाची गोळी सगळीकडे सारखी लागू पडत नाही, पण व्यवस्थापनाची पुस्तकं नॉर्वेची गोष्ट क्वचितच सांगतात.

भाच्यानं एक महिना दोन्ही नोंदी चालू ठेवल्या : रेघही आणि टूंही, आणि जो आकडा जास्त त्यावर हमाली. मालक कुरकुरले. स्कॅनर काट्याजवळ लावला, कारण तिथे कट्टा तसाही खाली उतरतो. मागच्या गोदामातल्या गड्याची पाळी पुढे आणली. आणि ‘तीन’वाल्या चौघांपैकी दोघांना आधी बोलावून विचारलं, स्टिकर कुठे हवा? त्यांनी सांगितलं, शिवणीच्या कोपऱ्यात. ते दोघे लागले, की बाकीचे दोन ‘तीन’वाले, मग ‘पाच’वाले, मग ‘दहा’वाले, असं माझ्या कागदावर सोळापर्यंत जात होतं. प्रत्यक्षात तेरावर थांबलं. टपरीवर माणूस सांगतो तो आकडा आणि पाठीवर कट्टा असतानाचा आकडा एक नसतो, एवढी चूक माझी.

परवा भाच्याचा फोन आला. स्कॅनरचा आकडा आणि मुकादमाच्या रेघा यांत चार कट्ट्यांचा फरक पडला म्हणून थप्पी उतरवून मोजली. रेघा बरोबर निघाल्या. ओल लागलेल्या कट्ट्यांवरचे स्टिकर गळून पडले होते. आता स्टिकर कुठला आणायचा ते मुकादम ठरवणार आहे, आणि त्यासाठी त्यानं स्वतः चार कट्ट्यांवर पाणी मारून ठेवलंय.