कॅम्पसचा अहवाल आणि गावचे आकडे

अमेरिकेतल्या विद्यापीठांची प्रवेशपत्रं आली की पालकांमध्ये विद्यापीठाच्या वार्षिक गुन्हे-अहवालाची एक पीडीएफ फिरायला लागते. "तीन वर्षांत एकही खून नाही, गाव अगदी सुरक्षित आहे." मग दुसरं कुणीतरी एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा, गावोगावच्या गुन्ह्यांचा तक्ता पुढे करतं आणि त्याच गावाला धोकादायक ठरवून मोकळं होतं. दोन्ही कागद खरे असतात. पण पहिल्या कागदाचा गावाशी फारसा संबंध नाही, आणि हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

गावचे आकडे आपल्या ओळखीचे आहेत. पोलिसांकडे गुन्हा नोंदला जातो आणि बेरीज वर जाते. आपल्याकडे एनसीआरबीकडे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, तिकडे एफबीआयकडे. एफबीआयच्या हिंसक गुन्ह्यांत खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला एवढंच धरतात. घरफोडी त्यात नाही, सायकल किंवा लॅपटॉप चोरीला जाणं तर नाहीच.

कॅम्पसच्या अहवालामागे एक खून आहे. एप्रिल १९८६मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा वसतिगृहातल्या तिच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांनी पिच्छा पुरवला आणि १९९०मध्ये कायदा झाला. केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदत योजनांत असलेल्या संस्थांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्हे जाहीर करावे लागतात. हाच तो क्लेरी अहवाल. मुख्य हिंसक गुन्ह्यांच्या व्याख्या एफबीआयच्याच असल्यामुळे दोन्ही तक्ते सारखे दिसतात, आणि तिथेच माणूस फसतो.

क्लेरी अहवाल जागा मोजतो. विद्यार्थी मोजत नाही. विद्यापीठाच्या इमारती, वसतिगृहं, मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटनांची घरं आणि कॅम्पसला लागून असलेली सार्वजनिक जागा, इतकीच त्याची हद्द. ही लागून असलेली जागा म्हणजे नेमकी किती? कॅम्पसच्या कडेचा फूटपाथ, पुढचा रस्ता आणि रस्त्यापलीकडचा फूटपाथ. त्या पलीकडच्या फूटपाथवर एखाद्याला चाकू दाखवून लुटलं तर नोंद होते. तिथून चार पायऱ्या चढून तो आपल्या भाड्याच्या घराच्या व्हरांड्यात पोचला आणि तिथे लुटला गेला, तर या अहवालात काहीही येत नाही. मुलगा त्याच विद्यापीठाचा असला तरी नाही.

२०२२च्या शेवटच्या महिन्यांतल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. ५ ऑक्टोबरला इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या मॅक्कचन वसतिगृहात एका विद्यार्थ्याचा खून झाला. वसतिगृह विद्यापीठाचं, म्हणून ही घटना क्लेरीच्या हद्दीत. सव्वा महिन्याने, १३ नोव्हेंबरच्या पहाटे, आयडाहोतल्या मॉस्को गावात आयडाहो विद्यापीठाचे चार विद्यार्थी मारले गेले. घर कॅम्पसपासून अगदी जवळ, पण खाजगी आणि भाड्याचं. त्या चौघांना क्लेरीच्या तक्त्यात जागा नाही. साऱ्या अमेरिकेला हादरवणारं हत्याकांड, आणि ज्या कागदावरून आपण "गाव सुरक्षित" म्हणतो त्याच्या हद्दीबाहेर!

मराठी घरांतून जाणारी बरीचशी मुलं एमएससाठी जातात. वसतिगृहांत मुख्यतः पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं असतात. एमएसची तिघं-चौघं मिळून बाहेर अपार्टमेंट घेतात. म्हणजे तुमचं मूल जिथे झोपणार, रात्री अकराला लॅबमधून जिथे परतणार, नेमका तोच भाग या अहवालाने सोडलेला असतो. एजंट तोच अहवाल रंगीत छापून हातात देतात याचा मला मनस्वी संताप येतो.

वर्षाचाही घोळ आहे. क्लेरीत गुन्हा घडला त्या वर्षात नाही, तर कळवला गेला त्या वर्षात धरतात. ओहायो स्टेट विद्यापीठात एका माजी क्रीडा-डॉक्टरने दशकांपूर्वी केलेले अत्याचार २०१८ नंतर उघड झाले आणि ते त्या अलीकडच्या वर्षांच्या आकड्यांत आले. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटणार, कॅम्पस एकाएकी बिघडला. लैंगिक गुन्ह्यांचा आकडा वाढला तर मुली तक्रार करायला धजावू लागल्या असंही असू शकतं, आणि वर्षानुवर्षं शून्य दाखवणारं मोठं विद्यापीठ मला तरी जास्त खटकतं. एफबीआयच्या तक्त्यातही २०१३पासून बलात्काराची व्याख्या रुंदावली आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची एकच रेघ ओढू नका.

लहान गावाचा "दर" काढून घाबरवणारेही आहेत. मॉस्कोची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत सुमारे २५ हजार. चार खून म्हणजे लाखामागे साधारण १६, देशाच्या त्या वर्षीच्या दराच्या दुपटीहून जास्त. पण त्याआधी सात वर्षं तिथे एकही खून नोंदला गेला नव्हता. इतक्या छोट्या गावाच्या एका वर्षाच्या दरावरून कल सांगणं म्हणजे निव्वळ धूळफेक. निदान आठ-दहा वर्षांचे आकडे घ्या, खून बाजूला ठेवा आणि जबरी चोरी आणि गंभीर हल्ला बघा. त्यांची संख्या बऱ्यापैकी असते, म्हणून चढउतार दिसतो. "सर्वांत सुरक्षित कॉलेज गावं" छापाच्या क्रमवाऱ्या तर उघडूच नका.

आणि "गाव" म्हणजे तरी कुठलं? पर्ड्यू वेस्ट लाफायेटमध्ये आहे, वस्ती ४४ हजारांच्या वर. वाबाश नदी ओलांडली की लाफायेट, वस्ती ७० हजारांच्या आसपास. दोन्ही शहरांचं पोलिस दल वेगळं, विद्यापीठाचं आणखी तिसरं, आणि एफबीआयकडे तिघांचे आकडे वेगवेगळे जातात. मॅक्कचनमधल्या खुनाचा तपास विद्यापीठाच्या पोलिसांनी केला, त्यामुळे वेस्ट लाफायेट पोलिसांच्या रकान्यात तो शोधून सापडायचा नाही. मुलाने नदीपलीकडे स्वस्त खोली घेतली तर वेस्ट लाफायेटचे आकडे घोकून उपयोग नाही.

म्हणून भाडेकरार करण्याआधी घराचा नेमका पत्ता मागवा आणि तो कुठल्या पोलिसांच्या हद्दीत येतो ते विचारा. बऱ्याच शहरांचे पोलिस गुन्ह्यांचा नकाशा जाहीर करतात. त्या पत्त्याभोवतीच्या चार-सहा गल्ल्या त्यात बघा, रात्रीच्या जबऱ्या चोऱ्या आधी. विद्यापीठाचे पोलिस असतील तर त्यांना रोजची गुन्हे-नोंदवही ठेवावी लागते, आणि ती कुणालाही पाहता येते. वार्षिक अहवाल मागच्या वर्षांवर थांबतो. या वहीत गेल्या आठवड्यातलंही सापडतं.