डिझेलच्या फडक्याने गाडीचा रंग टिकतो का?

‘धुतल्यावर डिझेलचं किंवा रॉकेलचं फडकं फिरवा, रंग वर्षानुवर्षं नवा राहतो.’ कॅम्पर व्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) असो की टेम्पो ट्रॅव्हलर, हा सल्ला कुणीतरी देतोच. आणि चमक येते, हे खरंच आहे. म्हणून तर तो टिकलाय.

पण ती चमक रंगाची नसते, ओलीची असते. बारीक ओरखड्यांत तेल भरतं, पत्रा गुळगुळीत दिसतो. रॉकेल उडून जातं, डिझेलचा चिकट थर मागे उरतो आणि त्यावर धूळ बसते. पुढच्या वेळी कोरडं फडकं मारलं की तीच धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. शिवाय रंगावर आधी लावलेला वॅक्सचा, म्हणजे मेणाचा, थर त्यात विरघळतो. खिडक्यांचं रबर तेलाने फुगून सैल पडतं. कॅम्परमध्ये म्हणजे पहिल्याच पावसात गादी ओली!

रंग फिका करतं ते मुख्यतः ऊन. ते डिझेलने अडत नाही.

घरीच बघा. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावा, एका बाजूला डिझेल, दुसरीकडे साधं कार वॅक्स. चार दिवस गाडी चालवा, मग दोन्हीकडे पांढरा रुमाल फिरवा आणि कुठे जास्त मळतो ते बघा. नंतर दोन्ही बाजू गाडीच्या शाम्पूने धुऊन पाणी शिंपडा: वॅक्सवर अजूनही टपोरे थेंब उभे राहतील.