वाचून दाखवणं आणि सहवाचन: वरून सारखं, आतून वेगळं

पहिली-दुसरीचा वर्ग. बाईंच्या हातात गोष्टीचं पुस्तक, समोर सतरंजीवर अर्धवर्तुळात मुलं, आणि बाई मोठ्याने वाचताहेत. टाचणवहीत, म्हणजे रोजच्या पाठाचं नियोजन लिहायच्या वहीत, याची नोंद एके दिवशी 'वाचून दाखवणे' अशी होते आणि दुसऱ्या दिवशी 'सहवाचन' अशी. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं, तिसरीपर्यंतच्या मुलांना समजून वाचता आणि पायाभूत गणित यावं यासाठीचं निपुण भारत अभियान सुरू झालं आणि त्याच्या प्रशिक्षणांतून हे दोन्ही शब्द शाळाशाळांत पोचले. पण वर्गात बहुतेक वेळा दोन्ही नावांखाली एकच प्रकार चालतो. त्यात 'आधी आदर्श वाचन, मग अनुवाचन' हा जुना शिरस्ताही मध्ये घुसतो. बाईंनी ओळ वाचायची, मुलांनी मागून म्हणायची. हे तर या दोहोंतलं एकही नाही.

फरक ओळखायचा असेल तर वाचन चालू असताना मुलांचे डोळे कुठे आहेत ते पाहा. चित्रावर आणि बाईंच्या चेहऱ्यावर असतील, तर ते वाचून दाखवणं. अक्षरांवर असतील आणि बाईंच्या काडीबरोबर पुढे सरकत असतील, तर सहवाचन. अनुवाचनात बरीच मुलं खिडकीबाहेर बघत असतात आणि तरी ओळ बिनचूक म्हणतात. मागच्या रांगेतल्या मुलाला मजकूर दिसतच नसेल, तर त्या तासाला सहवाचन म्हणण्यात अर्थ नाही.

वाचून दाखवणं

यात वाचायचा सगळा भार बाईंवर असतो. मुलांनी ऐकायचं, चित्रं बघायची, गोष्टीत गुंतायचं. त्यामुळे पुस्तक मुलांना स्वतःला वाचता येईल त्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं पुढचं चालतं. नुसतं चालतं असं नाही, तसंच निवडावं. 'तेवढ्यात', 'नाइलाजाने', 'दबक्या पावलांनी', 'हा हा म्हणता' ही भाषा घरच्या बोलण्यात क्वचित येते आणि पुस्तकांत पावलोपावली भेटते. ती कानाला आधी ओळखीची झाली, तर तिसरी-चौथीत स्वतः वाचताना मूल तिथे अडखळत नाही. दुसरं कारण साधं आहे. अजून 'क' आणि 'फ' मध्ये गोंधळणाऱ्या मुलालाही पुस्तकात काय दडलेलं असतं ते कळायला हवं, नाहीतर ही अक्षरांची मेहनत कशासाठी चालली आहे ते त्याला कसं उमजणार?

सर्वांत जास्त होणारी गडबड अशी, की बाई दोन ओळी वाचतात आणि पुढचं स्वतःच्या शब्दांत सांगतात. गोष्ट सांगणं ही उत्तमच गोष्ट आहे, तिला वेगळा वेळ द्यावा. पण वाचून दाखवताना छापलं आहे तेच वाचायचं. अवघड शब्द गाळायचा नाही आणि त्यावर पाच मिनिटं थांबायचंही नाही. जाता जाता अर्थ पेरायचा: "कोल्हा खजील झाला, अगदी लाज वाटली त्याला, आणि तो मागे फिरला." एका पुस्तकात असे चार-पाच शब्द पुरेत. दहांचा अर्थ सांगत बसलं की गोष्टीचा धागा सुटतो.

तयारी आदल्या दिवशी करावी. पुस्तक एकदा मोठ्याने पूर्ण वाचायचं आणि थांबण्याच्या तीन जागा पेन्सिलीने खुणावून ठेवायच्या. पुढे काय होईल याबद्दल खरोखर दोन मतं होऊ शकतात, त्या जागा चांगल्या. तिथे एकच प्रश्न विचारायचा, तीन-चार मुलांना बोलू द्यायचं, बरोबर-चूक न ठरवता पान उलटायचं. दर पानावर "हा कोणता प्राणी? टोपी कोणत्या रंगाची?" असं सुरू झालं की ती परीक्षा होते, आणि मुलं गोष्टीतून बाहेर येतात. गोष्ट संपल्यावर तात्पर्यही विचारू नये. त्याऐवजी "कुठलं पान परत वाचू?" असं विचारलं तर मुलं ज्या पानाकडे बोट दाखवतात त्यावरून त्यांना काय भिडलं ते कळतं.

पुस्तक खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे करून धरायचं आणि तिरकं बघून वाचायचं. याला आठवडाभराचा सराव लागतो. जमत नसेल तर आधी पान वाचून मग चित्र डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावं. घाईत फिरवलेलं चित्र कडेच्या मुलांना दिसत नाही आणि पुढे सरकण्यावरून ढकलाढकली सुरू होते. पट पस्तीसचा आणि पुस्तक तळहाताएवढं असेल, तर दोन गट करून दोनदा वाचलेलं बरं. पहिलीला दहा मिनिटं, तिसरीला पंधरा-वीस. तेच पुस्तक दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्यावं. पहिल्या वेळी मुलं 'पुढे काय' यातच अडकलेली असतात, 'असं का' हे प्रश्न दुसऱ्या वेळी येतात.

सहवाचन

याचं मूळ न्यूझीलंडमधलं. १९७० च्या दशकात तिथले शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी मांडीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या मुलांकडे नीट पाहिलं. मांडीवरच्या मुलाला पान वाचणाऱ्याइतकंच जवळून दिसतं. तीच गोष्ट ते पुन्हा पुन्हा मागतं, मध्येच स्वतः म्हणू लागतं, आणि आवाज व अक्षरं यांचा मेळ त्याच्या हळूहळू लक्षात येतो. वर्गातल्या तीस मुलांना मांडीवर घेता येत नाही, म्हणून पुस्तकच मोठं केलं.

आपल्याकडे मोठी पुस्तकं प्रत्येक शाळेत नसतात, पण कार्डशीट आणि जाड टोकाचा मार्कर सगळीकडे मिळतो. शेवटची रांग तीन-साडेतीन मीटरवर असेल तर अक्षराची उंची तीन सेंटिमीटरच्या आसपास हवी. दोन शब्दांत एका पूर्ण अक्षराएवढी मोकळी जागा सोडायची. शिरोरेषेमुळे शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि कुठला शब्द कुठे संपला हेच मुलाला कळत नाही. एका पानावर चारच ओळी. दाखवायला काडी बारीक हवी. फूटपट्टीने खालची ओळ झाकली जाते, आणि तळहाताने तर शब्दच झाकला जातो. काडी शब्दाच्या खाली ठेवायची, अक्षरांवर नाही.

स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं टीव्हीवर लावली की झालं सहवाचन, हा एक गैरसमज. तिथली पुस्तकं मोफत आहेत आणि चांगली आहेत, पण पडद्यावर मजकुराची पट्टी बारीक येते आणि तिसऱ्या रांगेपुढे फक्त चित्र पोचतं. ती वाचून दाखवायला घ्या. सहवाचनासाठी त्यातलाच मजकूर कार्डशीटवर उतरवा, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे मूळ श्रेय देऊन मजकूर वापरू देणाऱ्या, परवान्यामुळे त्याला आडकाठी नाही.

मजकूर मात्र वाचून दाखवण्याच्या अगदी उलटा निवडायचा. थोडका, मुलांच्या तोंडातला, वाक्यरचना परत परत येणारा. उदाहरणार्थ:

मांजर बसलं चुलीपाशी.
चुलीपाशी होतं दूध.
दूध गेलं उतू.
मांजर म्हणालं, "आता मी काय पिऊ?"

पंधरा शब्दांचं एक पान. पुढच्या पानावर चुलीऐवजी दार आणि दुधाऐवजी ताक, त्यापुढे आणखी काही. तीन पानांत पंचेचाळीस शब्दांचं पुस्तक तयार होतं आणि ते आठवडाभर पुरतं. रोज वीस मिनिटं.

सोमवारी नुसती मजा. काडी फिरवत दोनदा वाचायचं. दुसऱ्या वेळी "आता मी काय पिऊ?" मुलं आपणहून म्हणतात. मंगळवारी सगळ्यांनी मिळून वाचायचं. बाईंचा आवाज आधी मुलांच्या बरोबरीने, मग हळूहळू खाली. इथेच अनुवाचनापासून फारकत होते. अनुवाचनात मुलं बाईंच्या नंतर म्हणतात, म्हणून त्यांना कान पुरतात. सहवाचनात ती बाईंबरोबर म्हणतात, म्हणून पुढचा शब्द डोळ्यांनी गाठावा लागतो.

बुधवारचं काम सगळ्यांत मोलाचं. 'उतू' या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि "दूध गेलं..." म्हणून थांबायचं. मुलं 'सांडून' म्हणतात, 'नासून' म्हणतात, 'वाया' म्हणतात. सगळे शब्द फळ्यावर लिहायचे, कारण अर्थाने सगळेच बसतात. मग पट्टी थोडी सरकवून फक्त 'उ' दाखवायचा. आता कुठला शब्द उरतो? एकही नाही, 'उ' ने सुरू होणारा नवा शोधावा लागतो. अंदाज अर्थाला धरून हवा आणि समोरच्या अक्षराशीही जुळायला हवा, ही गोष्ट नुसती सांगून पटत नाही. इथे ती मुलांच्या डोळ्यांदेखत घडते.

गुरुवारी मजकुरातली एखादी अक्षरखूण. 'पिऊ' मधली वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार 'प' नंतर येतो, याने पहिलीतली मुलं हमखास गोंधळतात. आठवड्यात एकच खूण घ्यायची. शुक्रवारी वाक्यपट्ट्या कापून उलटसुलट द्यायच्या आणि गटात लावायला सांगायच्या, किंवा मजकुराच्या छोट्या प्रती देऊन जोडीने वाचायला सांगायचं.

बोट ठेवून वाचताना मराठीत एक खास अडचण येते. इंग्रजीवरून बेतलेल्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख नसतो. आपली शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. 'चुलीपाशी' हा एकच शब्द, पण मूल तोंडाने 'चुली' म्हणतं तेव्हा बोट त्या शब्दावर असतं आणि 'पाशी' म्हणताना पुढच्या शब्दावर उडी मारतं. ओळीचे शब्द संपतात आणि तोंडातले शिल्लक राहतात. याला निष्काळजीपणा म्हणून रागावू नये, मूल दर ठोक्याला एक उडी मारत असतं. लांब शब्दाखालून काडी न उचलता सावकाश ओढत न्यायची, आणि बोट चुकलं की "परत ओळीच्या सुरुवातीला" एवढंच म्हणायचं. चार-पाच दिवसांत मूल स्वतःच थबकून मागे येऊ लागतं.

पाठ झाल्याची तक्रार नेहमीची: "मुलं न बघताच म्हणतात." मंगळवारपर्यंत ते ठीक आहे. पाठ असलेल्या मजकुरावरच अक्षरं शोधायला सोपं जातं. पण गुरुवारीही डोळे छताकडे असतील, तर ओळीच्या मधल्या शब्दावर काडी ठेवून "हा कुठला?" असं विचारायचं. पहिल्या शब्दापासून मनात म्हणत त्याने तो शोधला तरी चालेल, तोही वाचण्याचाच भाग आहे. अजिबातच सापडला नाही, तर मजकूर मोठा निवडला गेला असं समजावं.

आणखी एक बिघाड वरून येतो. निपुणच्या लक्ष्यांत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं आहे. त्यातला 'अर्थ समजून' गळून पडतो आणि सहवाचनाच्या तासाला घड्याळ लागतं. वेग मोजायचाच असेल तर एकेका मुलाचा, वेगळ्या वेळी मोजावा. समूहात वेग वाढवला की पुढची चार मुलं पळतात आणि बाकीची त्यांच्या आवाजावर ओठ हलवतात.

घरची भाषा वेगळी असेल तर

पालघरमध्ये वारली, मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी बोलणारी मुलं वर्गात असतील, तर दोन्ही पद्धतींत बदल करावा लागतो, पण सारखा नाही. वाचून दाखवण्याआधी गोष्टीचा गाभा मुलांच्या भाषेत दोन मिनिटांत सांगावा. बाईंना ती भाषा येत नसेल तर मोठ्या वर्गातल्या मुलाकडून किंवा गावातल्या कुणाकडून सांगून घ्यावा. मग पुस्तक प्रमाण मराठीत जसंच्या तसं वाचावं. कथानक माहीत असलं की अनोळखी शब्दांचा अर्थ लागतो.

सहवाचनात असं चालत नाही. जे तोंडात नाही ते ओळखीचं म्हणून अक्षरांत कसं शोधणार? तिथे मजकूरच मुलांचा घ्यावा. कालच्या बाजाराबद्दल मुलांना बोलू द्यावं, त्यातली चार वाक्यं त्यांच्याच शब्दांत कार्डशीटवर लिहावीत आणि तीच आठवडाभर वाचावीत. मूल 'गेलतो' म्हणालं असेल तर 'गेलतो' लिहावं. शाळा बघायला आलेले केंद्रप्रमुख भिंतीवरचं बघून भुवया उंचावतील, तो धोका पत्करण्याजोगा आहे. 'गेलो होतो' मुलांना वाचून दाखवण्याच्या पुस्तकांतून भेटतंच.

दोहोंपैकी एकही पद्धत अक्षरं शिकवण्याच्या पाठाची जागा घेत नाही. अक्षरगट, स्वरचिन्हं, पुढे जोडाक्षरं हे काम रोज वेगळं चालू राहायला हवं.

वेळ कुठून काढायचा

द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग दोघांत वाटलेले असतात. वाचून दाखवणं सगळ्यांना एकत्र बसवून करता येतं, पहिली आणि चौथी एकाच सतरंजीवर. दुपारच्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं यासाठी चांगली, कारण तेव्हा दुसरं काही नीट होतही नाही. परिपाठात मात्र हे घेऊ नये. मैदानावर चित्रं दिसत नाहीत, आवाज पोचत नाही, आणि प्रतिज्ञा-सुविचारांच्या ओळीत गोष्टीचाही उपचार होतो. सहवाचन पहिली-दुसरीपुरतं, सकाळच्या पहिल्या तासाला. तोवर मोठ्या वर्गांना जोडीने पुस्तक वाचायला द्यावं.

एखाद्या दिवशी पंधराच मिनिटं हाताशी असतील, तर पहिल्या सत्रात पहिलीला वाचून दाखवणं घ्यावं आणि सहवाचन दुसऱ्या दिवसावर ढकलावं. दुसऱ्या सत्रात उलट. तोवर मुलांकडे थोडी अक्षरं जमलेली असतात आणि पट्टी सरकवून 'उ' दाखवला की त्यांना त्याचं काहीतरी करता येतं. तिसरीपासून सहवाचन हळूहळू कमी करून तो वेळ स्वतंत्र वाचनाला द्यावा. वाचून दाखवणं चौथीतही बंद करू नये. तेव्हा पुस्तक प्रकरणांत विभागलेलं असावं आणि रोज एकच प्रकरण वाचावं.