मराठी एसएमएस महाग का पडतो?

"मराठीतून बल्क एसएमएस पाठवला की कंपन्या मुद्दाम दुप्पट पैसे लावतात," ही तक्रार दुकानदारांच्या तोंडी वर्षानुवर्षं आहे. बिल फुगतं हे खरं. पण मराठीला वेगळा दर लावल्यामुळे नव्हे, तर एकाचे दोन मेसेज मोजले गेल्यामुळे.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं. ही मर्यादा १९८५ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांड या दूरसंचार अभियंत्यांनी सुचवली. तेव्हा देवनागरी कुणाच्या ध्यानीमनीही नसणार. देवनागरी मजकूर एरवी १६ बिटांनी जातो, म्हणजे जागा फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पायमोड सगळं वेगळं मोजलं जातं. 'नमस्कार' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, यंत्राला सात. सत्तरच्या पुढे एक अनुस्वार जरी गेला तरी दोन मेसेज, आणि तेही ६७-६७ चे, कारण तुकडे जोडायची माहितीही त्यातच कोंबावी लागते.

म्हणून तर सेलच्या जाहिराती रोमन मराठीत येतात. (वाचताना जीव जातो, ते वेगळं.) गंमत म्हणजे त्या रोमन मजकुरात एक इमोजी टाकला की अख्खा मेसेज १६ बिटांवर जातो. मग तिथेही सत्तरच.